डोळ्यातलं पांढरं

धाकट्याने फाइल उघडली आणि पडद्यावर दादाचे डोळे पिवळे निघाले.

दुपारचे बारा वाजत होते. स्टुडिओत नेहमीची गडबड होती. पुढच्या खोलीत कुणीतरी पासपोर्टच्या फोटोला बसलं होतं आणि फोटोग्राफर त्याला हनुवटी खाली, अजून थोडी खाली, असं सांगत होता. धाकट्याला वाटलं, पडदाच बिघडला. संगणक नवा होता, सोमवारी आणून बसवलेला, आणि नव्या यंत्राच्या खोड्या कळायला वेळ लागतो. त्याने दुसरी एक फाइल उघडून बघितली. तिच्यात कुणाचं तरी तान्हं बाळ होतं, असावं तसं गुलाबी. ती बंद करून त्याने परत दादाची उघडली. दादा जेवणाच्या टेबलाच्या मधोमध बसला होता, त्या दिवशी पन्नास पूर्ण झालेला, नवा शर्ट घातलेला, कुणाच्या तरी बोलण्यावर तोंड भरून हसणारा, आणि त्याच्या डोळ्यातलं पांढरं पांढरं नव्हतं. फार नाही, जुन्या वहीच्या कडा होतात तितकंच पिवळं. पण होतं. पुढच्या खोलीतला माणूस शेवटी हनुवटीचं काय ते समजला असावा, कारण तिकडे फ्लॅश उडाला.

धाकटा म्हणजे घरातला धाकटा. वय त्रेचाळीस, कानांवरचे केस पिकलेले, जवळचं वाचायला चष्मा. पण स्टुडिओचा मालक पडला दादाचा वर्गमित्र, त्यामुळे घरातलं नाव चपलेबरोबर स्टुडिओतही आलं आणि बावीस वर्षं तेच चाललं. त्याचं काम फोटो काढण्याचं नव्हतंच. फोटोग्राफर कॅमेऱ्यातून जो कच्चा माल आणून टाकायचे त्याला रंगावर आणायचं, हे त्याचं काम. फिल्म जाऊन जमाना झाला होता, तरी स्टुडिओत शब्द तोच राहिला होता, धुणं. कालच्या समारंभाचं धुवून झालं का, असं मालक विचारायचा, आणि धाकटा म्हणायचा, वाळत घातलंय. कच्ची फाइल गिऱ्हाइकाला दाखवायची नाही हा तिथला पहिला नियम. मालक म्हणायचा, स्वयंपाकघर कितीही स्वच्छ असलं तरी पाहुण्याला बाहेरच्या खोलीतच बसवतात.

हा फोटो मात्र त्याने स्वतः काढलेला आणि स्वतःच धुतलेला. नऊ आठवड्यांपूर्वी, रविवारी, दादाच्या घरी. आज तो परत छापायचा होता, कारण दादाने मागितला होता. दादा बारा दिवस इस्पितळात होता. घरातली प्रत फ्रिजवर लावलेली, तिच्यावर पाण्याचे डाग पडलेले. दादा म्हणाला, मला नवी आण, उशाशी ठेवू, इथे सगळे मला जन्मापासून आजारी समजतात, कळू दे त्यांना मी कसा दिसायचो. त्याच्या अशा बोलण्यावर हसायचं की नाही हे कुणाला ठरवता यायचं नाही, म्हणून सगळे अर्धवट हसायचे. तर धाकट्याने जुन्या फाइलींतून तो फोटो शोधला. प्रत्येक कच्च्या फाइलीशेजारी एक चिमुकली फाइल असते, तिच्यात फक्त सूचना असतात: इतकं उजळ करा, इतकी निळाई वाढवा. कच्ची फाइल तशीच राहते, कितीही वेळा धुतली तरी. सोमवारी सगळं नव्या संगणकावर हलवताना त्या चिमुकल्या फाइली मागे राहून गेल्या होत्या. म्हणजे आता पडद्यावर जे दिसत होतं त्यात धाकट्याचा हात नव्हता. कॅमेऱ्याने त्या दिवशी जे बघितलं ते हे असं होतं.

बल्बचा उजेड, तो मनाशी म्हणाला. त्या खोलीत खिडकीचा उजेड होता आणि वर एक पिवळा बल्ब होता. पण मग बल्बचा उजेड सगळ्यांवर पडायला हवा. त्याने एकेक चेहरा बघितला. फोटोत दादा धरून अकरा माणसं होती. दादाच्या डाव्या हाताला आई, तिचे केस पांढरेशुभ्र. उजव्या हाताला वहिनी, तिचे दात, तिच्या डोळ्यातलं पांढरं, सगळं जिथल्या तिथे. मागे दादाच्या कचेरीतले चौघे, त्यांतला एक डोळे मिटलेला. दोघी शेजारणी. वहिनीची दोन भावंडं. दहाच्या दहा माणसं माणसांच्या रंगाची होती आणि त्यांच्या मधोमध एकटा दादा पिवळा होता. धाकट्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याच्या हातांना काम हवं होतं. बाकी काहीही आठवायच्या आधी, त्याला आपल्या उजव्या हाताचं बोट आठवलं. त्या बोटाने त्याने काय केलं होतं, ते आठवलं.

यंत्राला पांढरं म्हणजे काय ते कळत नाही. ते माणसाने सांगावं लागतं. पडद्यावर एक छोटं ड्रॉपरचं चिन्ह असतं, औषधाचे थेंब टाकायच्या नळीसारखं. ते फोटोतल्या पांढऱ्या वस्तूवर नेऊन टिचकी मारायची, की यंत्र समजतं, हे पांढरं, आणि बाकीचे सगळे रंग त्या हिशेबाने सरकवतं. दादा वजनकाटे तपासणारा सरकारी माणूस होता. दुकानोदुकानी जाऊन काटे खरे की खोटे ते बघायचा. धाकटा त्याला म्हणायचा, तुझं नि माझं काम एकच, आधी काटा शून्यावर आणायचा. आता फोटोत नेहमी पांढरं असतंच असं नाही, आणि असलं तरी भरवसा नाही. भिंत पांढरी म्हणावी तर रंगाऱ्याने तिच्यात नीळ टाकलेली असते. शर्ट पांढरा म्हणावा तर बायकोने तो कशाकशाबरोबर धुतलेला असतो. म्हणून धाकट्याने वर्षानुवर्षांच्या सवयीने स्वतःची एक युक्ती काढली होती. पांढरं सापडलं नाही की तो सगळ्यांत जवळचा चेहरा मोठा करायचा आणि त्या माणसाच्या डोळ्यातल्या पांढऱ्यावर टिचकी मारायचा. हाताखालच्या दोघांनाही त्याने हेच शिकवलं होतं. भिंत फसवते, कपडा फसवतो, डोळा फसवत नाही, हे त्याचं वाक्य स्टुडिओत म्हणीसारखं झालं होतं आणि त्याला त्याचा, खोटं कशाला बोला, चांगलाच अभिमान होता.

दादाच्या घरातल्या भिंती फिकट हिरव्या. टेबलावरचं कापड फुलाफुलांचं. ताटल्या स्टीलच्या. आईचे केस पांढरे होते, पण केस चकाकतात, चकाकणाऱ्या वस्तूवर टिचकी मारत नाहीत, हेही त्याचंच वाक्य. त्याने दादाचा चेहरा मोठा केला आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात टिचकी मारली. यंत्राला म्हणाला, हे पांढरं. यंत्र बिचारं ऐकणारं. त्याने दादाच्या डोळ्यातला पिवळेपणा पुसला आणि तितकी निळाई सगळ्या फोटोवर ओतली. दादा झाला तुकतुकीत. बाकीचे दहाही जण निळसर पडले, थंडीत कुडकुडल्यासारखे. आईचे केस निळे झाले. धाकट्याला ते तेव्हा दिसलं होतं. स्पष्ट दिसलं होतं! तो म्हणाला होता, खिडकीचा उजेड विचित्र आहे, आणि मग निमूटपणे एकेक चेहरा निवडून, ब्रशने, त्याने दहा माणसांच्या अंगात ऊब भरली होती. आई, वहिनी, कचेरीतले चौघे, शेजारणी, भावंडं. पाऊण तास लागला होता. दहा माणसं निळी पडली तेव्हा त्याने दहाही दुरुस्त केली, आणि ज्याच्यामुळे ती निळी पडली त्या एकाकडे मान वळवून बघितलं नाही, कारण तो एकच तर बरोबर दिसत होता.

लहानपणी आई दर रविवारी आंघोळीनंतर दोघांना उजेडात उभं करायची आणि खालची पापणी अंगठ्याने ओढून डोळे तपासायची. रक्त आहे का, जंत आहेत का, काय काय ते तिला त्यावरून कळायचं. दादा आधी, मग धाकटा. अंगठ्याला साबणाचा वास यायचा. दादाला मिसरूड फुटलं आणि एका रविवारी तो म्हणाला, आता पुरे, मी काय बैल आहे बाजारातला. तेव्हापासून ते बंद झालं, धाकट्याचंही. पुढे कुणी कुणाच्या डोळ्यांत बघितलं असेल असं धाकट्याला वाटत नव्हतं. मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, घड्याळाकडे बघतात, ताटात काय वाढलंय ते बघतात. त्याने स्वतः आयुष्यात हजारो डोळे बघितले होते, पडद्यावर, पसाभर मोठे करून, पण त्यांत त्याने बघितलं ते फक्त पांढरं. समोर बसलेल्या दादाचे डोळे कसे होते ते त्याला आता कितीही आठवायला गेलं तरी आठवेना. फोटोतलेच आठवत होते, आणि ते त्याने केलेले होते.

वहिनीने बघितलं होतं. हे आठवलं तेव्हा तो खुर्चीतून उठला आणि उठून कुठे जायचं ते न कळून परत बसला. त्या रविवारी फोटोसाठी सगळे टेबलाशी जमत असताना ती त्याच्याजवळ आली होती, हात पदराला पुसत, आणि हळूच म्हणाली होती, यांचे डोळे जरा पिवळे वाटतात का हो तुम्हाला? तो कॅमेऱ्यात डोकं घालून होता. बल्बचा उजेड आहे वहिनी, तो म्हणाला, मी काढून टाकतो. काढून टाकला. पुढच्या रविवारी दादा आणि वहिनी त्यांच्याकडे आले, आई आणि धाकटा अशा दोघांच्या घरी, तेव्हा जेवताना तिने परत विषय काढला. ह्यांना एकदा डॉक्टरकडे नेऊन आणते, ती म्हणाली, मला ते पिवळेच वाटताहेत. धाकटा हात धुवून आत गेला आणि ताजा छापलेला फोटो घेऊन आला. हा बघा तुमचा नवरा, तो म्हणाला, आणि सांगा कुठे पिवळा आहे. फोटो हातोहात फिरला. आई म्हणाली, किती तेज आलंय तोंडावर. दादा म्हणाला, चला, सुटलो. आणि मग धाकट्याने, कुणी विचारलं नव्हतं तरी, वर म्हण ऐकवली होती: वहिनी, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, आधी तुमचेच डोळे तपासून घ्या. सगळे खो खो हसले होते. दादा सगळ्यांत जास्त. वहिनीही हसली होती, आणि तिने परत तो विषय काढला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी धाकट्याने स्वतःला काहीतरी समजावलं असतं. माणूस स्वतःला समजावण्यात हुशार असतो, आणि धाकटा तर पोटापाण्यासाठी गोष्टी बऱ्या करून दाखवणारा माणूस. पण पाच दिवसांपूर्वी काय झालं होतं ते तर कालपरवाचं, अजून ओलं होतं. शल्यविशारदाने सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं होतं, आईला, वहिनीला, धाकट्याला. तो शांत माणूस होता, बोलण्याआधी टेबलावरच्या वस्तू सरळ करायचा. म्हणाला, गाठ पित्ताच्या वाटेवर आहे आणि आता ती मोठ्या रक्तवाहिनीला धरून बसली आहे. कापता येणार नाही. औषधांवर जितके महिने मिळतील तितके. मग त्याने विचारलं, पिवळेपणा पहिल्यांदा कधी दिसला? वहिनी म्हणाली, तीन आठवड्यांपूर्वी अंगाला खाज सुटली तेव्हा सगळ्यांना दिसला. मला आधीही वाटलं होतं, पण... आणि ती थांबली, आणि तिने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याला वाटलं, तिला आधार हवा आहे. त्याने खिशातून फोन काढला. वाढदिवसाला एकदम ठणठणीत होता डॉक्टर, तो म्हणाला, हा बघा फोटो, मीच काढलाय. डॉक्टरांनी फोटो बघितला, बोटांनी मोठा केला, डोळ्यांपाशी आणला. यात तर ठीक आहेत, ते म्हणाले. मग म्हणाले, तेव्हाच दिसायला लागलं असतं आणि तेव्हाच आला असतात, तर मी कदाचित वेगळं बोललो असतो.

त्या दिवसापासून आई वहिनीशी धड बोलत नव्हती. बोलली तर एकच. वाढदिवसाला चांगला होता ना तो? फोटो आहे ना? मग मधले सहा आठवडे तू काय बघत होतीस? चोवीस तास समोर वावरणारा माणूस पिवळा पडतो आणि त्याला खाज सुटेपर्यंत बायकोला कळत नाही. मी असते तर पहिल्या दिवशी ओळखलं असतं. वहिनी ऐकून घ्यायची. काल तर तिने स्वतःच म्हटलं होतं, माझंच चुकलं, मी नीट बघितलं नाही. आणि धाकटा तिथेच उभा होता, थर्मासचं झाकण लावत होता, आणि त्याच्याही मनात येऊन गेलं होतं, खरंच, हिला कसं नाही कळलं. हे त्याला आता आठवलं. दुपारी बारा वाजता, एवढ्या माणसांत, त्याला कुणीतरी भर रस्त्यात थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं आणि मारणारा कुठे दिसत नव्हता.

त्याने दादाचा डावा डोळा मोठा केला. अजून मोठा. मग नेहमी कुणी करत नाही ते केलं: यंत्राने रंग भरायच्या आधीचं, अगदी उघडं चित्र काढलं. तिथे रंग नव्हताच. नुसते बारीक चौकोनी खण, काळे-करडे, जाळीसारखे. कॅमेऱ्याच्या आतली पट्टी अशाच लाखो खणांची असते आणि प्रत्येक खणावर रंगीत काचेचा एकेक कण बसवलेला असतो, दोन हिरवे, एक लाल, एक निळा, परत दोन हिरवे. लाल काचेखालच्या खणाला फक्त लाल उजेड कळतो, निळ्याखालच्याला फक्त निळा. प्रत्येकाजवळ एकच आकडा. उरलेले दोन रंग यंत्र शेजारच्या खणांना विचारून ठरवतं. धाकट्याला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तो दादाला सांगायला धावला होता, की अरे, कुठल्याही फोटोतले तीन हिश्शांतले दोन हिस्से अंदाज असतो. दादा म्हणाला होता, बरंय की, आमच्या बाजारात तर तिन्ही हिस्से अंदाजच असतो. आता धाकटा डोळ्याच्या कोपऱ्यातले आकडे वाचत होता. लाल काचेखालचे ठीक. हिरव्याखालचे ठीक. निळ्या काचेखालचे खण मंद, एकामागून एक, विझत आलेल्या खिडक्यांसारखे. शेजारी आईच्या डोळ्यात तेच खण चांगले उजळ होते. यात अंदाज नव्हता, कुणाला विचारून ठरवलेलं नव्हतं. निळे खण नऊ आठवडे सांगत होते आणि त्यांना फक्त एका माणसाने गप्प बसवलं होतं.

मालक मागे येऊन उभा राहिला ते धाकट्याला कळलं नाही. त्याने खांद्यावर हात ठेवला तेव्हा धाकटा दचकला. मालकाने पडद्याकडे बघितलं आणि तो चुकचुकला, कारण त्याला मित्राचा आजार माहीत होता. मग म्हणाला, रंग गेलाय रे याचा, नीट कर आणि छाप, बिचाऱ्याला असा कच्चा कशाला दाखवतोस. आणि निघून गेला. इतकं सोपं होतं ते. परत त्याच कोपऱ्यात टिचकी मारायची, परत दहाजणांच्या अंगात ऊब भरायची, आणि पाऊण तासात जुना फोटो जसाच्या तसा. शिवाय कच्ची फाइल पुसून टाकली की विषयच संपला. या पृथ्वीतलावर दुसऱ्या कुणाला कधी कळलं नसतं. धाकट्याचं बोट फाइल पुसायच्या बटणावर गेलंही होतं, हे त्याने पुढे स्वतःपासून लपवलं नाही. दादा काही यामुळे परत येणार नाही, तो स्वतःशी म्हणत होता, आणि मग त्याच्या लक्षात आलं की दादा अजून गेलेलाच नाही. जी जाते आहे ती वहिनी. रोज थोडी थोडी, इस्पितळातल्या बाकावर बसल्या बसल्या, आईचं एकेक वाक्य ऐकून. ती उरलेलं आयुष्य, आणि ते लांबलचक असणार होतं, मी बघितलं नाही, मी बघितलं नाही, असं म्हणत काढणार होती. त्याने बोट उचललं. दोन्ही प्रती छापल्या, एक कच्ची आणि, फोनमध्ये होती तिच्यावरून, एक धुतलेली, आणि पाकिटात घातल्या. जेवायला थांब म्हणणाऱ्यांना त्याने काय उत्तर दिलं ते त्याला कळलं नाही.

रस्त्याने जाताना तो लोकांच्या डोळ्यांत बघत गेला. हे काही वेड लागल्यासारखं नव्हतं, नजर आपोआप तिकडे जात होती. फळवाल्याचे डोळे लालसर होते. सिग्नलला थांबलेल्या बाईचे स्वच्छ. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मळकट पांढरं होतं आणि त्याने धाकट्याला विचारलं, काय पाहिजे? काही नाही, धाकटा म्हणाला. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर लांबलचक व्हरांडा होता आणि दादाच्या खोलीबाहेर एक बाक होता. बाकाच्या एका टोकाला आई बसली होती आणि दुसऱ्या टोकाला वहिनी. मध्ये तिसरं माणूस सहज बसलं असतं, पण कुणी बसत नव्हतं. दादा आत झोपला होता. धाकटा वहिनीच्या शेजारी टेकला. वाटेत त्याने सगळी वाक्यं जुळवली होती, पण सुरुवात कुठून करायची ते ठरवलं नव्हतं. मग त्याने नुसती कच्ची प्रत तिच्या हातात दिली.

तिने फोटो बघितला. उजेडाकडे धरला, जवळ घेतला, परत लांब धरला. तेवढ्यात धाकट्याने कसंबसं सांगून टाकलं, तुटक तुटक, की कॅमेऱ्याने असाच टिपला होता, मी डोळ्यावर टिचकी मारली, मी पिवळं पुसलं, तुम्ही म्हणत होतात तेव्हा खरंच होतं. ती आता ओरडेल, फोटो तोंडावर फेकेल, निदान रडेल, याची त्याने तयारी केली होती. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं आणि तो धक्का धाकट्याला सगळ्यांत मोठा बसला, कारण ती हसत होती.

"म्हणजे मला दिसत होतं," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही डोळे तपासा म्हणालात ना त्या दिवशी, मी गेले होते. खरंच गेले होते, कुणाला न सांगता. डॉक्टरांनी सगळं लावून बघितलं. म्हणाले, नजर उत्तम आहे, रंगही अचूक ओळखता. घरी आले, ह्यांच्याकडे बघितलं, तर पिवळे. फ्रिजवरच्या फोटोकडे बघितलं, तर चांगले. मग मी म्हटलं, डॉक्टर चुकत असेल. भाऊजींचं तर कामच आहे रंगांचं."

ती परत परत फोटोवरून बोट फिरवत होती, परीक्षेचा निकाल हातात आल्यासारखी. बाकाच्या त्या टोकावरून आईने विचारलं, काय दाखवतोयस तिला? वहिनीने पटकन फोटो पाकिटात सरकवायला घेतला आणि म्हणाली, काही नाही आई, वाढदिवसाचा फोटो आहे. धाकट्याने तो तिच्या हातातून काढून घेतला, उठला, आणि आईच्या मांडीवर ठेवला. म्हणाला, आई, हिला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मी पुसलं. हिला काही बोलू नकोस, बोलायचं ते मला बोल.

आईने चष्मा पदराने पुसला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. ती बराच वेळ बघत राहिली, आधी दादाकडे, मग स्वतःकडे, मग परत दादाकडे.

"हा पिवळा कुणी केला?" तिने विचारलं.

"कुणीच नाही. हाच खरा. आधीचा मी केलेला होता."

आईने फोटो मांडीवर पालथा ठेवला. रागावली नाही. उलट ती इतक्या मऊ आवाजात बोलली की धाकट्याला तिचा तो आवाज बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला.

"तुझे बाबा गेले, आणि तू त्यांना फोटोत दादाच्या नव्या घराच्या दारात उभं केलंस. माणूस ते घर बघायला राहिला नव्हता, तरी त्याची सावलीसुद्धा पायरीवर बरोबर पडली होती. तुला डोळे पिवळे करणं काय अवघड आहे? वहिनीची बाजू घ्यायची तर तोंडाने घे. आजारी भावाला असं रंगवून आणू नये."

धाकट्याने सांगायचा प्रयत्न केला. खण कसे असतात ते सांगितलं, काचेचे कण, लाल आकडे, हिरवे आकडे, निळे आकडे, कच्ची फाइल कुणालाही बदलता येत नाही, तुम्ही दोघी स्टुडिओत चला, मी आता दाखवतो. आई दुसरीकडे बघत होती. बावीस वर्षांत त्याने घरच्यांना एकही फोटो कच्चा दाखवला नव्हता. प्रत्येकाचे डाग काढले होते, सुरकुत्या काढल्या होत्या, मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून उघडले होते, आणि सगळ्यांनी कौतुक केलं होतं. खरं कसं दिसतं याची या घरात कुणाला ओळखच नव्हती, आणि ती त्यानेच होऊ दिली नव्हती. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला आणि मध्येच थांबला.

वहिनी उठून आली. तिने आईच्या मांडीवरून फोटो अलगद उचलला आणि व्हरांड्याच्या खिडकीपाशी नेऊन परत बघितला. मघाचं हसू अजून तिच्या तोंडावर होतं, पण ती आता फोटोकडे कमी आणि धाकट्याकडे जास्त बघत होती.

"भाऊजी," ती आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "खरंच असाच निघाला होता? की माझ्यासाठी केलात?"

"खरंच असाच निघाला," धाकटा म्हणाला.

तिने मान हलवली. कुणी आपल्यासाठी खपून काही करून आणलं, की त्याचं मन मोडू नये म्हणून हलवतात, तशी.